ओतलं की संपलं

कपाटाच्या खालच्या फळीवरून मी डबा उचलला, आणि तो बोलला. एक बारीक, कोरडी खरखर आली, कुणी बंद मुठीत वाळू फिरवावी तशी. नीट भरलेला डबा बोलत नाही. काल दुपारी त्याची दोन्ही तोंडं रबरी झाकणांनी बंद करून मी तो कानाशी धरून हलवला होता, तेव्हा तो भिंतीसारखा मुका होता. चिकटपट्टीवर माझं अक्षर जसंच्या तसं होतं: कालची तारीख, ‘९५ मिनिटं’, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. फक्त पट्टीच्या उजव्या कोपऱ्याला एक सुरकुती होती. मी पट्टी मधून कडेकडे अंगठ्याने दाबत नेते. माझ्या पट्टीला सुरकुती पडत नाही. त्या सुरकुतीकडे मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. खिडकीतून सकाळचं ऊन कपाटाच्या दारावर आलं होतं, आणि बाहेर अंगणात, पाण्यात उतरणाऱ्याचा दोर धरणारे आमचे दोरकाका दोर उलगडत काहीतरी गुणगुणत होते.

या खोलीची राखण माझ्याकडे आहे. आमची तुकडी जलाशयाखालचे बोगदे तपासते: भिंतींना गेलेले तडे, जाळ्यांवरचा गंज, दरवाज्यांच्या खाचा. साधी टाकी घेऊन बुडी मारणारा माणूस श्वास पाण्यात सोडतो. बुडबुडे छताला आपटतात, छतावर वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि दोन मिनिटांत स्वतःचा हात दिसेनासा होतो. म्हणून आम्ही रिब्रीदर वापरतो. त्यात श्वास बाहेर जातच नाही. छातीतून निघतो, पिशवीत येतो, डब्यातल्या चुन्यातून वर चढतो, आपलं विष तिथे ठेवतो, चिमूटभर प्राणवायू घेतो आणि परत छातीत येतो. तोच श्वास, धुऊन पुन्हा अंगावर घातलेल्या कपड्यासारखा. चुना आम्ही आपलं म्हणतो. प्रत्यक्षात ते मोहरीएवढे कोरडे दाणे असतात, नवे असताना पांढरे, विष पीत जातात तसतसे जांभळे. आणि या जांभळेपणातच सगळी लबाडी आहे, कारण रात्रभर विसावला की तो रंग उतरतो. दाणे पुन्हा पांढरे दिसू लागतात. ताकद परत येत नाही; परत येतो तो फक्त चेहरा.

मला हे तुकडीतल्या मास्तरांनी शिकवलं. डबा कसा भरायचा, तर थोडे दाणे ओतायचे, बाजूने तळहाताने थापटायचं, पुन्हा थोडे, पुन्हा थापट. “मूल निजवतेस तसं,” ते म्हणत, “ठोकायचं नाही, रुसतं.” दाणे सैल राहिले तर श्वास सोपी वाट शोधतो आणि न धुताच पुढे निसटतो. अर्धा वापरलेला डबा ठेवूच नये असं तो बनवणारे सांगतात. मास्तर म्हणायचे, ठेवावा लागतो, जगात सगळं नवं मिळत नाही. पण मग जसाच्या तसा ठेवा, उभा, तोंडं बंद, वापरलेली मिनिटं लिहून, आणि दुसऱ्याच दिवशी संपवा. श्वास खालून शिरतो. खालचे दाणे आधी थकतात, मग त्यांच्या वरचे. थकव्याची एक रेघ डब्यात हळूहळू चढत जाते, आणि ती माथ्याला पोचायच्या आत माणसाने पाण्याबाहेर यायचं. “रेघ डोळ्यांना दिसत नाही बरं का. ती फक्त क्रमात असते. डबा ओतलास की क्रम गेला. मग थकलेला दाणा कुठे बसलाय ते देवालाही सांगता येणार नाही. ओतलं की संपलं.” आईचंही असंच काहीसं होतं. उरलेलं झाकून ठेवावं, ढवळू नये, असं ती म्हणायची, ढवळलेलं नासतं. ती दुधाबद्दल बोलत असे, पण घरात आम्हा दोघी बहिणींपैकी कुणी रडत असलं की हेच वाक्य वडिलांना उद्देशून, दार लोटून घेता घेता, हलक्या आवाजात म्हणत असे.

मी झाकण काढलं. आतले दाणे पांढरेशुभ्र होते, आणि माथ्याशी बोटभर पोकळी होती. शेजारचा दुसरा डबा, परवाचा, टाकायचा राहिलेला, ‘११० मिनिटं’ लिहिलेला, हाताला पिसासारखा हलका लागला. तो रिकामा होता. त्याच्यामागे प्लास्टिकची बरणी, तिच्यात उरलेसुरले दाणे.

“सापडलं का तुला?” दारातून धाकटी म्हणाली. माझी धाकटी बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि गेली पाच वर्षं माझ्या जागी पाण्यात उतरणारी. अर्धा पोशाख चढवून, बाह्या कमरेला बांधून, ओल्या केसांनी ती उभी होती. “ओरडू नकोस हं. मी लवकर आले होते सकाळी. दोन्ही उघडून बघितले. ताई, एकही दाणा जांभळा नव्हता! तू उगाच जिवाला लावून घेतेस. दोन्हीतलं चांगलं चांगलं निवडलं, चाळलं, आणि एक पूर्ण डबा केला.”

“आणि पट्टी?”

“ती परत लावली. तुझ्या अक्षराशिवाय मला खाली बरं वाटत नाही.”

दोन अर्ध्यांचा एक पूर्ण. शाळेतलं कुठलंही मूल हेच उत्तर देईल. आजचं काम दीडशे मिनिटांचं होतं, बोगद्याच्या शेवटच्या जाळीपर्यंत. एका डब्याला आम्ही एकशे ऐंशीच्या पलीकडे जाऊ देत नाही. आणि नव्या चुन्याचं पिंप पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हतं. काल मी तुकडीच्या साहेबांना सांगितलं होतं, या डब्यावर फार तर तासाभराचं काम होईल, शेवटची जाळी राहील. साहेब काही बोलले नव्हते. धाकटी तिथेच उभी होती; तिने ते न बोलणं ऐकलं असणार. आमच्या घरात न बोललेलं ऐकण्याचं काम नेहमी तिच्याकडेच होतं.

“हा डबा खाली जाणार नाही,” मी म्हटलं.

“अगं पण पांढरा आहे!”

“काल दुपारी झाकणं लावताना खालच्या तोंडाशी जांभळा होता. मी पाहिलाय.”

“मग आता बरा झाला असेल,” ती हसत म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचं हसू गेलं. “ताई. तू पुन्हा ते मनात आणू नकोस हं.”

‘ते’. पाच वर्षं आमच्या घरात या गोष्टीला दुसरं नाव नाही. ते म्हणजे याच बोगद्यात, दुसऱ्या जाळीपाशी, एका साध्या मंगळवारी, मला झालेलं. आधी कपाळामागे एक ऊब आली, कुणी प्रेमाने हात ठेवावा अशी. मग श्वास लहान झाला. मी तो मोठा करू गेले, तर तो आणखी लहान झाला, जणू मी पेल्याने विहीर उपसत होते. दिव्याच्या उजेडात भिंत स्वच्छ दिसत होती, तिच्यावर आदल्या वर्षी मीच मारलेली तेलखडूची खूण दिसत होती, मी कुठे आहे हे मला घराचा पत्ता माहीत असावा तितकं ठाऊक होतं. आणि माझी छाती माझं काही एक न ऐकता कुत्र्यासारखी धापत होती. मी दोर ओढला. वर आल्यावर गवतावर ओकले. डोकं दोन दिवस ठणकत राहिलं. त्या दिवशीचा चुना कुणीतरी बरणीतून भरलेला होता, पांढराशुभ्र, आणि मीही तो पाहून मान डोलावली होती. हे माझ्या ध्यानात यायला चार दिवस लागले. तोवर दाणे कचऱ्यात गेले होते आणि साहेबांचा कागद लिहून झाला होता. त्या कागदावर कारणासमोर एकच शब्द होता: घाबरली. डॉक्टरांनी पुढे मला धडधाकट ठरवलं. साहेब म्हणाले, हो, पण कशाला धोका? आणि ही खोली माझी झाली. शब्दाचं मला तितकंसं लागलं नाही. साहेबांना कारण हवं होतं, त्यांनी हाताला येईल ते उचललं. लागलं ते नंतर. त्या आठवड्यात धाकटी माझ्या अंथरुणाशी बसून केसांतून हात फिरवत म्हणाली होती, “होतं गं ताई. माणूस घाबरतं.” इतक्या मायेने म्हणाली की मला उलट बोलताच आलं नाही. काही शब्द पाठीत सुरीसारखे शिरतात, काही पांघरुणासारखे अंगावर घातले जातात, आणि दुसऱ्या प्रकारच्या शब्दांखालून हात बाहेर काढणं फार कठीण असतं. पाच वर्षं मी त्या पांघरुणाखाली पडून होते: झाकलेली, उभी, तोंड बंद, अंगावर मिनिटं लिहिलेली.

साहेब आले. त्यांच्या हातात वही होती आणि नजर मनगटावर. वाईट माणूस नाही तो. दरवाजे दुपारी चारपर्यंतच बंद राहणार होते, नंतर शहराचं पाणी सोडायचं होतं, आणि वरून त्यांना तासातासाला फोन येत होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

“पांढरा आहे की.”

“रंग परत येतो साहेब. ताकद नाही येत.”

“हे कुठे लिहिलंय?”

“पिंपावरच लिहिलंय. बारीक अक्षरात.”

“साहेब, मी जपून जाईन,” धाकटी मध्येच म्हणाली. “त्रास वाटला तर लगेच वळेन.”

“त्रास वाटेल तेव्हा वळायचं सुचणार नाही,” मी म्हटलं.

“हे बघा,” साहेब आवाज खाली आणत म्हणाले, जसा लोक आजाऱ्याशी बोलताना आणतात, “तुमचा अनुभव वाईट आहे, मला समजतं. पण तुमची भीती दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. ती तुमची बहीण आहे म्हणून तुम्हाला असं होतंय.”

दोरकाकांचं गुणगुणणं थांबलं होतं. मला वाटलं आता माझा आवाज चढेल, हात थरथरतील, आणि त्यांना हवा तो पुरावा मी स्वतःच हातात देईन. तसं झालं नाही. आत कुठेतरी फार खोल, थकव्याची रेघ अजून पोचली नव्हती अशा जागी, काहीतरी कोरडं आणि पांढरं शिल्लक होतं. मी म्हटलं, “ठीक. भीतीच आहे ना? मग ती मोजू. खुर्ची आणा.”

अंगणात ऊन होतं. पाणी दोनशे पावलांवर, भिंतीपलीकडे. मी दोरकाकांचं लाकडी खोकं मांडलं, घोट्यापेक्षा जरा उंच, आणि शेजारी प्लास्टिकची खुर्ची. धाकटीला म्हटलं, “माझे श्वास मोज. दर मिनिटाचा आकडा तळहातावर लिहीत जा.” आधी यंत्राविना मी त्या खोक्यावर चढले-उतरले, बोगद्यात पाय मारावेत त्या संथ लयीत, दहा मिनिटं. “अठरा,” ती म्हणाली. मग खुर्चीवर बसले. दोन मिनिटांनी तेरा. साहेब भिंतीला टेकून उभे होते. “कवायत चाललीय,” ते पुटपुटले, पण गेले नाहीत. मग तो डबा यंत्रात बसवला, मीच, प्रत्येक कडी दोनदा तपासून. प्राणवायूचा काटा धाकटीकडे वळवून ठेवला, म्हणजे हवा कमी पडली असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये. नाकाला चिमटा लावला. माउथपीस तोंडात घेतलं. पाच वर्षांनी ती रबराची चव जिभेवर आली आणि डोळ्यांत पाणी आलं, जुन्या घराच्या दाराची कडी हाताला लागावी तसं. त्याची भीती मला कधीच वाटली नव्हती. मला त्याची आठवण येत होती.

चढले. उतरले. सैल दाणे पाठीवर प्रत्येक पावलाला खरखरत होते. पहिली काही मिनिटं श्वास चांगला होता, कोमट, जरा दमट, आणि एका क्षणी मला शंका आली की धाकटीचंच खरं असेल. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण होतही असेल. जग मास्तरांना वाटलं त्याहून मायाळू असेल. त्या शंकेने मला जितकं घाबरवलं तितकं पाण्याने कधी घाबरवलं नाही. कारण श्वास शुद्ध निघाला असता, तर तो मंगळवार माझाच ठरला असता. “एकोणीस,” धाकटी म्हणाली. “एकोणीस. वीस.” अंगणाच्या कोपऱ्यातल्या नळाचा थेंब पडत होता. तो कपाळामागे पडू लागला. तिथे ती ऊब आली, तोच हात, ओळखीचा, आणि मी मनात म्हटलं, ये, किती वर्षं वाट पाहायला लावलीस. “चोवीस,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला. पाऊल तेच होतं, खोकं तेच होतं. “एकोणतीस.” मी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि बसले.

आणि बसून राहिले. हात गुडघ्यांवर, पाठ टेकलेली, डोक्यावर दहा वाजताचं ऊन, समोर माझी बहीण. या जगात याहून सुरक्षित जागा नसेल. मी मुद्दाम एकेक गोष्ट मोजली: भिंत, दोर, चिमणी, साहेबांचे पॉलिश केलेले बूट. कशाचीच भीती नव्हती. आणि माझी छाती धापत होती. श्वास आखूड होत चालला होता, पेल्याने विहीर उपसणं पुन्हा सुरू झालं होतं, कानांत रक्त घण घालत होतं, हातांना घाम सुटला होता. शरीर ओरडत होतं की तोंडातलं काढ, पळ. आणि मी, मी म्हणजे जी कोण त्या सगळ्याच्या मधोमध बसली होती ती, अगदी शांत होते. एक मिनिट. आई दार लोटत होती. दोन मिनिटं. मास्तर डबा थापटत होते, आणि खडूची ती खूण उन्हात भिंतीवर स्पष्ट दिसत होती. आपण दोघं वेगळे आहोत हे मला तिथे लख्ख दिसलं: धापणारं शरीर आणि न घाबरलेली मी. तेव्हाही आम्ही वेगळेच होतो.

“बत्तीस,” धाकटी म्हणाली. “ताई, तू बसलीयस. तू नुसती बसलीयस... चौतीस. ताई पुरे! काढ ते! काढ म्हणते ना!” आणि मी हात वर करायच्या आत तिनेच झेप घेऊन नळीची झडप बंद केली, माउथपीस ओढलं, चिमटा भिरकावला. बाहेरची हवा थंडगार आत आली. मी खुर्चीच्या कडेला ओकले, साहेबांच्या बुटांपासून फार लांब नाही.

धाकटी माझं डोकं धरून उभी होती. तिच्या तळहातावरचे निळे आकडे घामाने माझ्या कपाळाला लागले असावेत. “अशीच धापत होतीस तू,” ती म्हणाली. “तेव्हा. गवतावर. अगदी अशीच. आणि मी तुला म्हटलं...”

“म्हणालीस खरी,” मी म्हटलं. “आता नको म्हणूस.”

“आपल्याला चुनाच लावला की कुणीतरी,” दोरकाका खाकरून म्हणाले, “तोही वापरलेला.” कुणी हसलं नाही. ते दोराचं वेटोळं खांद्यावर घेत जवळ आले. “साहेब, एक बोलू? घाबरलेला माणूस दोर कसाही ओढतो. गाय दावं ओढते तसा. ही खालून चार वेळा ओढत होती. एक, दोन, तीन, चार, आणि थांबा. परत चार. मला वर घ्या, याची खूण. मोजून. हिसका एकसुद्धा नाही. हा दोर माझ्या हातात होता.”

“मग तेव्हा का नाही बोललात?” साहेब म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कुठे? मी दोरवाला. माझ्याकडे वही नाही.”

साहेबांनी डब्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. चार वाजायला सहा तास होते, आणि ते सहा तास आता कुणाच्याच कामाचे नव्हते. “वर काय सांगू मी?” ते म्हणाले, आणि त्या प्रश्नात पहिल्यांदाच साहेबपणा नव्हता.

“वही द्या,” मी म्हटलं. “मी लिहिते.”

त्यांनी दिली. मी लिहिलं: आज काम नाही. कारण: वापरलेला चुना डब्यातून ओतून पुन्हा भरला. खाली आकडे लिहिले, धाकटीच्या तळहातावरून बघून बघून, अठरा, तेरा, एकोणीस, वीस, चोवीस, एकोणतीस, बत्तीस, चौतीस. त्याखाली सही केली. मग धाकटीकडे वही सरकवली. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या नावाखाली, न विचारता, स्वतःची सही केली. दोरकाकांनी अंगठ्याएवढं अक्षर काढलं.

“आता तो जुना कागद काढा,” मी म्हटलं.

“त्यात खाडाखोड करता येणार नाही.”

“करायची नाहीच. तो शब्द तसाच राहू दे. हे पान त्याला टाचा. जो वाचेल त्याने दोन्ही वाचावं.”

“बघू.”

“बघा. आणि पिंप आलं की पहिला डबा मी भरणार, आणि शेवटच्या जाळीपर्यंत मी जाणार.”

ते काही बोलले नाहीत. धाकटीने त्यांचं न बोलणं ऐकलं, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: त्याला उत्तर दिलं. “दोर मी धरते,” ती म्हणाली. “काका शिकवतील.”

डबा मी तिच्याच हातात दिला. अंगणाच्या टोकाला कचऱ्याचं पिंप होतं. तिथे उभी राहून तिने तो उलटा केला, मग बरणीही, आणि पांढरेशुभ्र, निरागस दाणे सरसरत खाली गेले. शेवटचा दाणा पडेपर्यंत ती डब्याचा तळ थापटत राहिली. मी खुर्चीवरून पाहत होते. डोक्यात अजून घण पडत होते. दोन दिवस पडणार होते. पडू देत.